जीवनप्रक्रिया: नववी-दहावीची पोरं सारखे विचारतात ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं

तासगाव भागात नववी-दहावीला सायन्स शिकवते. ‘सजीवांमधील जीवनप्रक्रिया’ हा धडा आला की पोरं व्याख्या पाठ करतात आणि तिथंच थांबतात, पण याच पोरांच्या घरी द्राक्षबाग असते, ऊस असतो, गोठ्यात जनावरं असतात, म्हणजे सगळा धडा रोज डोळ्यासमोर चालू असतो. म्हणून इथं उत्तरं आपल्याकडच्या उदाहरणांनी दिलीयत. पुस्तकातले शब्द मुद्दाम तसेच ठेवलेत, कारण पेपरात तेच लिहायचेत.

जीवनप्रक्रिया म्हणजे नक्की काय?

जिवंत राहण्यासाठी शरीरात जी कामं न थांबता चालू असतात ती. पोषण, श्वसन, वहन, उत्सर्जन, समन्वय या मुख्य. प्रजनन पण यादीत असतं, पण ते त्या एका जीवाला जगायला लागत नाही, ती प्रजाती टिकायला लागतं. खेचराला सहसा पिल्लं होत नाहीत, म्हणून ते निर्जीव आहे असं कोण म्हणेल का? बाकीच्यातलं एक जरी काम बंद पडलं तरी जीव जातो.

श्वास घेणं आणि श्वसन एकच ना?

नाही, आणि निम्मे मार्क इथंच जातात. श्वास घेणं म्हणजे हवा आत ओढणं आणि बाहेर सोडणं, ते छातीत चालतं. श्वसन चालतं पेशीत, अंगातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत. हवा फुप्फुसातल्या वायुकोशांपर्यंत जाते, तिथून ऑक्सिजन रक्तात उतरतो, हिमोग्लोबिनचा एक रेणू ऑक्सिजनचे ४ रेणू धरून नेतो आणि पेशीपाशी सोडतो. मग पेशी ग्लुकोज फोडून ऊर्जा काढते. त्यातली पहिली पायरी ग्लायकोलायसिस, ती पेशीद्रव्यात होते आणि तिला ऑक्सिजन लागत नाही. पुढचं क्रेब चक्र आणि इलेक्ट्रॉन वहन साखळी तंतुकणिकेत, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात. हान्स क्रेब यांनी हे चक्र १९३७ मध्ये मांडलं आणि १९५३ ला त्यांना नोबेल मिळालं.

ग्लुकोज थेट का वापरत नाही, एटीपी कशाला पाहिजे? एसटीत पाचशेची नोट काढली की कंडक्टर सुट्टे मागतो ना, तसं. ग्लुकोजच्या एका रेणूत ऊर्जा खूप असते आणि पेशीचं एकेक काम छोटं असतं, म्हणून ती ऊर्जा आधी एटीपीच्या सुट्ट्यात मोडून घ्यावी लागते.

आणि एक, सोडलेल्या श्वासात नुसता कार्बन डायऑक्साइड असतो असं लिहू नका. आत घेतलेल्या हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के असतो, बाहेर येणाऱ्या हवेत पण १६ टक्क्यांच्या आसपास उरतो. कार्बन डायऑक्साइड मात्र ०.०४ वरून ४ टक्क्यांच्या आसपास जातो.

एका ग्लुकोजपासून एटीपी ३८ की ३०? नेटवर वेगळंच दिसतं.

बोर्डाच्या पेपरात ३८ लिहा, आपल्या पुस्तकात तेच आहे. नंतरच्या मोजणीत प्रत्यक्षात ३० ते ३२ च्या आसपास मिळतात असं दिसलंय, अकरावीच्या पुढं कधीतरी ते येईल. दोन्ही माहीत असू द्या.

झाडं दिवसा प्रकाशसंश्लेषण करतात आणि रात्री श्वसन, बरोबर ना?

चूक. झाड चोवीस तास श्वसन करतं. दिवसा प्रकाशसंश्लेषणाचा वेग श्वसनापेक्षा जास्त असतो म्हणून एकूण हिशोबात ऑक्सिजन बाहेर पडताना दिसतो, रात्री उजेड नाही म्हणून फक्त श्वसन उरतं. पहाटे आणि संध्याकाळी अशी एक वेळ येते की दोन्हीचा वेग सारखा होतो, तेव्हा पानातून ना ऑक्सिजन बाहेर ना कार्बन डायऑक्साइड. आणि मुळांचं काय, ती तर कायम अंधारातच असतात, त्यांना दिवसा पण श्वसनच करायचंय.

घरी बघायचं असेल तर मटकीला मोड आणा. मोड आलेली मटकी एका थर्मासमध्ये भरा, दुसऱ्या थर्मासमध्ये उकळून गार केलेली मटकी, दोन्हीत थर्मामीटर खुपसून तोंडाला कापसाचा बोळा लावा आणि रात्रभर ठेवा. सकाळी मोडाच्या मटकीचं तापमान चढलेलं असतं, कारण श्वसनातली सगळी ऊर्जा एटीपीत जात नाही, बरीचशी उष्णता होऊन जाते. उकळलेली मटकी जंतुनाशकात बुडवून घ्या नाहीतर तिच्यावर जंतू वाढतात आणि ते श्वसन करून तिचं पण तापमान वाढवतात, मग फरक कळत नाही. मटकी उसळीला घेणार असाल तर जंतुनाशक लावलेली टाकून द्या, ती नको.

मग रात्री झाडाखाली झोपलं तर जीव जाईल का? आणि पिंपळ रात्री ऑक्सिजन सोडतो म्हणतात?

आजीचं ऐकून घाबरू नका. उघड्यावर हवा खेळती असते, आणि खोलीत दोन कुंड्या असल्या तर त्यांच्यापेक्षा शेजारी झोपलेला भाऊ कितीतरी जास्त कार्बन डायऑक्साइड सोडतो. नुसतं पडून असलेला माणूस मिनिटाला साधारण २०० मिलीलिटर सोडतो.

पिंपळाचं म्हणाल तर ऑक्सिजन तयार व्हायला उजेड लागतोच, त्यामुळं रात्री ऑक्सिजन बनवणारं झाडच नाही. कोरफड, निवडुंग, अननस यांची पर्णरंध्रं, म्हणजे पानावरची बारीक छिद्रं, रात्री उघडतात हे खरं, पण ती कार्बन डायऑक्साइड आत घेऊन साठवायला, ऑक्सिजन बनतो तो दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावरच.

प्रकाशसंश्लेषणातला ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमधून येतो की पाण्यातून?

पाण्यातून. आधी लोकांना उलटंच वाटायचं. व्हॅन नील यांनी जांभळ्या गंधक जीवाणूंवरून तर्क केला, हे जीवाणू पाण्याऐवजी हायड्रोजन सल्फाइड वापरतात आणि ऑक्सिजनऐवजी गंधक टाकतात, म्हणजे फुटतंय ते दुसरंच, कार्बन डायऑक्साइड नाही. पुढं १९४१ मध्ये रुबेन आणि कामेन यांनी जड ऑक्सिजन असलेलं पाणी वापरून ते दाखवून दिलं. हा प्रश्न एका मार्काला हमखास असतो.

ऊस एवढा गोड का? आणि तो ‘सी-फोर’ म्हणजे काय?

बहुतेक झाडं तयार झालेली जास्तीची साखर पिष्ट करून साठवतात, बटाट्यात असते तशी. ऊस मात्र ती सुक्रोजच्याच रूपात कांड्यांमधल्या पेशींत साठवतो. साधी झाडं कार्बन डायऑक्साइड पकडून पहिल्यांदा ३ कार्बनचं संयुग बनवतात, ऊस, मका, ज्वारी ४ कार्बनचं, म्हणून सी-फोर. हॅच आणि स्लॅक यांनी १९६६ मध्ये उसावरच काम करून हा मार्ग मांडला. याचा फायदा असा की कडक उन्हात पर्णरंध्रं अर्धवट मिटली तरी या पिकांचं काम अडत नाही.

थंडीत उसाची वाढ मंदावते, साखर खर्च कमी आणि साठा जास्त, म्हणून त्या दिवसांत उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण, चढतो. आणि तोडलेला ऊस ट्रॉलीत दोन-तीन दिवस उन्हात उभा राहिला की उतारा का पडतो? तोडला तरी ऊस लगेच मेलेला नसतो, त्याच्या पेशी श्वसन करत राहतात, त्यातलं इन्व्हर्टेज नावाचं विकर (एन्झाइम) सुक्रोज फोडतं, वर कापलेल्या टोकातून जीवाणू शिरतात. कारखान्याच्या गेटवर ट्रॉल्यांची लाईन लागली की आण्णा चिडतात ना, त्यामागं हे जीवशास्त्र आहे.

कासवर किडे खाणारी झाडं आहेत म्हणे. हिरवी असून किडे कशाला खातात?

साताऱ्याजवळचं कास पठार २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं, पश्चिम घाटाच्या इतर जागांबरोबर. तिथं खाली जांभा खडक आणि वर मातीचा पातळ थर, त्यात धो धो पाऊस, म्हणजे नायट्रोजनयुक्त क्षार वाहूनच जातात. तिथला दवबिंदू, म्हणजे ड्रॉसेरा, जवळून बघा: पानावर लालसर केस, प्रत्येकाच्या टोकाला चिकट चमकणारा थेंब, बारकं चिलट बसलं की अडकतं आणि केस हळूहळू त्याच्याकडं वाकतात. सीतेची आसवं दिसतात जांभळी गोड, पण तिचे बारीक फुगे जमिनीतल्या पाण्यात असतात आणि सूक्ष्म जीव आत ओढतात.

उत्तरात हे नक्की लिहा की ही झाडं स्वयंपोषीच आहेत, साखर स्वतःच बनवतात. किड्यातून घेतात ते मुख्यतः नायट्रोजन आणि फॉस्फरस. अमरवेलीचं वेगळं, ती पिवळी, हरितद्रव्य जवळपास नाहीच, ती दुसऱ्या झाडाच्या रसावर जगते, म्हणून परजीवी. आणि कासला गेलात तर कुंपणाच्या आत पाय टाकू नका बाबांनो, फोटोपायी ती रोपं तुडवली जातात.

जलवाहिनी आणि रसवाहिनीत फरक काय? दरवेळी उलटसुलट होतं.

बागवाल्यांच्या घरातली पोरं कोण आहेत? मण्याची साईज वाढावी म्हणून बागेत गर्डलिंग करतात ते बघितलंय ना, खोडावरून किंवा ओलांड्यावरून (वेलीच्या आडव्या फांदीवरून) सालीची एक बारीक गोल पट्टी काढतात. त्या सालीत रसवाहिनी असते. पानात बनलेली साखर रसवाहिनीतून खाली मुळांकडं जात असते, पट्टी काढली की खालची वाट बंद, साखर वरच अडते आणि घडांना जास्त मिळते. मग वेल वाळत कसा नाही? कारण जलवाहिनी आतल्या लाकडात असते, ती तशीच राहते, पाणी वर चढत राहतं. चाकू लाकडात खोल गेला तर मात्र पाणी पण तुटतं, म्हणून ते काम सगळ्यांना जमत नाही. काही दिवसांनी जखम भरून येते आणि वाट परत चालू होते, भरलीच नाही तर मुळं उपाशी राहतात आणि वेल मरतो. इटलीच्या मॅल्पिघी यांनी १७ व्या शतकात असंच झाडांची साल गोल काढून बघितलं होतं, कापाच्या वरची बाजू फुगते हे त्यांनी नोंदवलंय.

हे एकदा कळलं की फरक पाठ करावा लागत नाही. जलवाहिनीच्या पेशी मेलेल्या, पोकळ, पाणी आणि क्षार फक्त वर. रसवाहिनीच्या चाळणी नलिका जिवंत, अन्न वर पण खाली पण, आणि त्या वहनाला एटीपी खर्च होतं.

मोटर नाही पंप नाही, मग पाणी शेंड्यापर्यंत चढतं कसं?

दोन कारणं, आणि दिवसाचं वेगळं, रात्रीचं वेगळं. दिवसा पानातून बाष्पोच्छ्वास होतो, पाणी वाफ होऊन गेलं की मागचं पाणी ओढलं जातं, पाण्याचे रेणू एकमेकांना धरून असतात त्यामुळं मुळापर्यंतची अख्खी धार वर खेचली जाते. डिक्सन आणि जॉली यांनी १८९४ मध्ये हे मांडलं. उंच झाडात मुख्य जोर हाच.

रात्री पर्णरंध्रं मिटलेली असतात, तेव्हा मूलीय दाब काम करतो. महाबळेश्वर-पाचगणीकडं स्ट्रॉबेरीच्या रानात सकाळी लवकर जा आणि पान हातात घेऊन बघा, कडेला जे दाते असतात त्या प्रत्येक दात्याच्या टोकावर एकेक थेंब ओळीनं बसलेला असतो. लोक दव म्हणतात, पण दव पानभर कुठंही पडतं, हे थेंब बरोबर शिरांच्या टोकालाच असतात, ते मुळांनी दाबून बाहेर काढलेलं पाणी आहे. जमिनीत ओल असताना द्राक्षाची छाटणी झाली की काडीच्या कापलेल्या टोकातून पाणी गळतं ते पण हेच. इंग्लंडच्या स्टीफन हेल्स यांनी द्राक्षवेलीला नळी जोडूनच हा दाब मोजला होता, १७२७ च्या त्यांच्या पुस्तकात ते आहे.

पाणी तर पिकाला पाहिजेच, मग पुरात पीक मरतं का?

२०१९ ला कृष्णेचं पाणी किती दिवस रानात थांबलं ते तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी बघितलंय. मुळांना ऑक्सिजन मातीच्या कणांमधल्या हवेतून मिळतो. तिथं पाणी भरलं की हवा संपते, आणि पाण्यातून ऑक्सिजन फार सावकाश पसरतो. मग मुळं विनॉक्सिश्वसनावर, म्हणजे ऑक्सिजनशिवायच्या श्वसनावर येतात, त्यात एका ग्लुकोजमागं फक्त २ एटीपी मिळतात आणि अल्कोहोल तयार होतं. क्षार आत ओढायला ऊर्जा उरत नाही, मुळं कुजायला लागतात आणि मग मोठी शोकांतिका, चारी बाजूला पाणी असून वरची पानं सुकतात. ऊस थोडा दम धरतो, पण शेंडा बुडून पोंग्यात (शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या सुरळीत) पाणी आणि गाळ गेला की वाढीचा कोंबच कुजतो. सोयाबीन, हळद एवढं सोसत नाहीत. भात सोसतो, कारण त्याच्या खोडा-मुळात हवेच्या पोकळ्या असतात.

क्षारपड रानात ओल असून पीक वाळतं, ते पण असंच का?

नाही, तिथं परासरण. एरवी मुळाच्या पेशीत क्षार जास्त आणि मातीतल्या पाण्यात कमी, म्हणून पाणी आत येतं. वाळवा, मिरज पट्ट्यात वर्षानुवर्षं पाणी जास्त देऊन आणि निचरा नसल्यानं क्षार वर आलेत, तिथं मातीच्या पाण्यातच क्षार एवढे की मुळाला पाणी ओढता येत नाही. त्यावर आणखी पाणी सोडणं हा उपाय नाही, आधी निचरा काढावा लागतो.

सांगलीच्या हळदीच्या पेवात माणूस गुदमरतो ते का?

हरिपूर, सांगलीवाडीकडं जमिनीत खोल पेवं खणून त्यात शिजवून वाळवलेली हळद ठेवायचे, २००५ च्या पुरात बरीच खराब झाली. तोंड बंद केलं की आतले किडे, सूक्ष्मजीव श्वसन करून ऑक्सिजन संपवतात आणि कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड म्हणून तळाला बसतो. ऑक्सिजन संपला की किडे पण मरतात, हळद टिकते, पेवाची खुबी ही. पण त्याच कारणानं आत उतरणारा माणूस पण मरतो. म्हणून पेव उघडून बराच वेळ वारं खेळू देतात, कंदील सोडून बघतात.

हे मी परीक्षेसाठी सांगत नाही. कंदील जळतोय म्हणजे सगळं ठीक असं पण नसतं. जुनी विहीर, पेव, शौचालयाची टाकी, गोबरगॅसचा खड्डा, यात कुणी पडलं तर मागं उडी मारायची नाही, वाचवायला गेलेला दुसरा पण जातो. आरडाओरडा करा, मोठ्यांना बोलवा, १०१ किंवा ११२ ला फोन करा.

गाय कडबा पचवते, आपल्याला का जमत नाही?

कडब्यातलं सेल्युलोज फोडणारं विकर गायीकडं पण नाही. ते काम तिच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातले, म्हणजे रुमेनमधले सूक्ष्मजीव करतात. रुमेन, रेटिक्युलम, ओमेसम, अबोमेसम असे ४ कप्पे, त्यातला आम्ल सोडणारा खरा जठर शेवटचा. दुपारी गाय बसून रवंथ करते तेव्हा घशाकडं बघा, गोळा खालून वर येताना स्पष्ट दिसतो, मग ती तो सावकाश चावते आणि परत गिळते. एकदम भरपूर धान्य खाऊ घातलं की रुमेनमध्ये आम्ल वाढतं आणि जनावर आजारी पडतं, कारण तिथल्या सूक्ष्मजीवांचा मेळच बिघडतो.

पित्तरसात कोणतं विकर असतं?

कोणतंच नाही. तो यकृतात तयार होतो, पित्ताशयात साठतो आणि चरबीचे बारीक थेंब करून देतो, पुढं लायपेज काम करतं. लाळेतलं अमायलेज बघायचं तर भाकरीचा कोरडा तुकडा बराच वेळ चावत राहा, गोडसर लागायला लागतो.

किडनीत दिवसाला १८० लिटर गाळलं जातं हे खरं? मग लघवी दीड लिटरच कशी?

खरं आहे. अंगात रक्त ५ लिटरच्या आसपास, तेच परत परत गाळलं जातं. प्रत्येक वृक्कात, म्हणजे किडनीत, साधारण १० लाख नेफ्रॉन (गाळायचे बारीक घटक) असतात, गाळलेल्यातलं ९९ टक्के पाणी, सगळं ग्लुकोज, लागतील ते क्षार नेफ्रॉनची नलिका परत रक्तात घेते, युरिया आणि जास्तीचं उरतं ते लघवी. उन्हाळ्यात रानात काम केलं की लघवी कमी आणि गडद होते, कारण घामातून पाणी गेल्यावर मेंदूकडून एडीएच संप्रेरक सुटतं आणि किडनी आणखी पाणी परत ओढते. तेव्हा पाणी प्यायचं, दुर्लक्ष करायचं नाही.

झाडं उत्सर्जन कशी करतात?

गळणारी पानं आणि साल, डिंक, चीक, यातून. अळू-सुरण खाजतं ते कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळं, त्यांना पुस्तकात रॅफाइड्स म्हणतात.

यवतेश्वरचा घाट पळत चढलं की पाय जड होतात, ते लॅक्टिक ॲसिड ना?

जोरात पळताना स्नायूंना लागेल तेवढ्या वेगात ऑक्सिश्वसनातून ऊर्जा मिळत नाही, मग विनॉक्सिश्वसन चालू होतं आणि लॅक्टिक आम्ल बनतं, इथपर्यंत बरोबर. पण दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात ते त्याच्यामुळं नाही, ते तासा-दीड तासात साफ झालेलं असतं, दुखतं ते स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा झाल्यामुळं. पेपरात स्नायू थकण्याचं कारण विचारलं तर लॅक्टिक आम्ल लिहा.

अशुद्ध रक्त निळं असतं का?

नाही, गडद लाल. चित्रात ओळखायला निळा रंग देतात एवढंच. ‘अशुद्ध’ पण नको, ‘ऑक्सिजनविरहित’ लिहा.

बेदाणा पाण्यात फुगतो ते विसरण की परासरण?

परासरण. आत साखर दाट, बाहेर नुसतं पाणी, मधे साल निवडक्षम पटलाचं काम करते, म्हणून पाणी आत जातं. प्रयोगाला साधा बेदाणा घ्या, साल फाटलेला नको. एका वाटीत पाणी, दुसऱ्या वाटीत साखरेचा घट्ट पाक, दोन्हीत सारखे बेदाणे टाका आणि आधी-नंतर वजन करा. पाण्यातले टम्म फुगतात, पाकातले तसेच राहतात. आकृती काढताना बाण पाण्याकडून बेदाण्याकडं.